बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा

जम्पर केबल लावून गाडी सुरू केली, दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा सेल्फ लागेना. वैतागून नवी बॅटरी बसवली. महिनाभर बरं गेलं आणि मग नवीही उतरली. हे चक्र इतक्या लोकांकडे चालू असतं, की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. पुन्हा पुन्हा उतरणारी बॅटरी बऱ्याचदा स्वतः दोषी नसते. एकतर तिच्यातून काहीतरी गुपचूप वीज खात असतं, नाहीतर तिला पुरेसं चार्जिंग मिळत नसतं. कारण न शोधता बॅटरी बदलली, तर नवी बॅटरीही त्याच वाटेने खराब होते. लेड-ॲसिड बॅटरीला पूर्ण उतरणं अजिबात सोसत नाही. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली, की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि नंतर कितीही चार्ज केलं तरी त्यातलं सगळं परत विरघळत नाही. प्रत्येक वेळी उतरताना बॅटरी थोडी थोडी कायमची लहान होते.

साधा डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना आणि बॅटरी चार्जर एवढ्यावर बहुतेक निदान घरी होतं.

किती वेळात उतरते?

मीटर हातात घेण्याआधी या प्रश्नाचं उत्तर शोधा. माझ्या मते सगळ्या निदानात हीच सर्वांत उपयोगी माहिती आहे आणि ती फुकट मिळते.

४५ अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर करंट साधारण ४५ तास देईल अशी बॅटरी धरू. तिच्यातली साधारण निम्मी वीज गेली, की सेल्फ जड व्हायला लागतो. म्हणजे आपल्या हातात वीस-बावीस अँपिअर-तास असतात. एका रात्रीत, म्हणजे दहा तासांत बॅटरी बसत असेल, तर दोन अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट जातोय. तो छोट्या दिव्याचा असू शकत नाही. चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच), अल्टरनेटरमधला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) गेलेला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), चालू राहिलेला ॲम्प्लिफायर असं काहीतरी मोठं शोधायचं. दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर तीनशे-चारशे मिलिअँपिअर. ५ वॅटचा एक बल्ब एवढंच घेतो, त्यामुळे डिकीतला किंवा ग्लोव्ह बॉक्समधला दिवा आणि थेट जोडलेला डॅशकॅम हे पहिले संशयित. आठवडाभरात उतरत असेल तर सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअर. हा बहुधा गाडी बंद केल्यावरही झोपी न जाणारा एखादा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल (गाडीतला छोटा संगणक) किंवा नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर. आणि तीन आठवडे उभी राहिल्यावर उतरत असेल, तर पन्नास मिलिअँपिअरच्या आतच करंट जातोय आणि गाडीत कसलाही बिघाड नाही. आजच्या गाड्यांना अलार्म, इमोबिलायझर, रिमोट लॉक एवढ्यासाठीच तितकं लागतं.

या हिशेबात एक अडचण आहे. बॅटरी जुनी होऊन तिची खरी क्षमता निम्म्यावर आली असेल, तर हे सगळे दिवसही निम्मे होतात. म्हणून गळती शोधायच्या आधी बॅटरीची परीक्षा.

आधी पूर्ण चार्ज, मगच परीक्षा

अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर केलेली कोणतीही चाचणी खोटं सांगते. अल्टरनेटरवर विसंबू नका. लेड-ॲसिड बॅटरी शेवटचा वीसेक टक्के चार्ज अगदी सावकाश घेते, त्यामुळे अर्धा तास गाडी फिरवून ती भरत नाही, आणि जागच्या जागी इंजिन चालू ठेवून तर मुळीच नाही. चार्जर लावा. क्षमतेच्या एक दशांश करंट हे जुनं माप आजही योग्य आहे, म्हणजे ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेचार अँपिअर. रात्रभर लागेल, लागू द्या. जागा हवेशीर हवी, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीनेही तो पेटतो. बॅटरी फुगली असेल, तिला तडा असेल किंवा ती गोठली असेल, तर चार्जर लावूच नका. उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ झालेलं असतं, म्हणून कडक थंडीत ती भरलेल्या बॅटरीपेक्षा फार लवकर गोठते.

चार्जर काढल्यावर लगेच व्होल्टेज पाहू नका. वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो. रात्रभर तशीच ठेवा. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि थोड्या वेळाने मोजा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० च्या आसपास जेमतेम पाव. पूर्ण चार्ज करून, गाडीपासून सुटी करून ठेवलेली बॅटरी सकाळी १२.४ च्या खाली आली, तर ती आतूनच गळतेय. तिथे वायरिंग शोधत बसण्यात अर्थ नाही. साडेदहाच्या आसपास आकडा अडकला असेल तर सहापैकी एक सेल मेलाय.

मात्र नुसतं व्होल्टेज चांगलं असणं पुरेसं नाही. सल्फेट झालेली बॅटरी १२.६ दाखवते आणि सेल्फ मारताच कोसळते. दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर धरा, वायरच्या क्लिपांवर नको. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या वर राहिला पाहिजे. पूर्ण चार्ज असूनही तो आठ-नऊवर जात असेल तर बॅटरी थकलीय. (स्टार्टर मोटर अडकत असेल तरीही असं होतं, पण मग इंजिन फिरतानाच जड आवाज येतो.)

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर सगळ्यांत खरं सांगतो. भरलेल्या सेलची घनता १.२६५ च्या आसपास येते. सगळे सेल सारखेच कमी असतील तर बॅटरी फक्त उतरलेली आहे, आशा आहे. एकच सेल इतरांपेक्षा ०.०५ ने मागे असेल तर तो सेल गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नाही. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच आधी घाला, आणि खुणेपर्यंतचं उरलेलं पाणी चार्ज पूर्ण झाल्यावर.

टर्मिनल आणि अर्थ

हे पाच मिनिटांचं काम लोक टाळतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड साचली असेल किंवा क्लिप हाताने हलत असेल, तर वीज नीट बाहेरही पडत नाही आणि चार्जिंग नीट आतही जात नाही. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. या क्रमाचं कारण असं, की पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेली असेल, तर शॉर्ट होऊन पाना लालबुंद होतो. हातातली अंगठी, धातूचं कडं आधीच काढून ठेवा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पूड धुवा, सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नका, कोरडं करा, ब्रशने घासून चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी सहसा कुणी पाहत नाही. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब आहे. बॅटरी चांगली, सेल्फ मात्र मेल्यासारखा, अशा बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

चार्जिंग होतंय का?

इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ हवं. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर न्या. तरीही साडेतेराच्या वर टिकलं पाहिजे. इंजिन चालू असून १२.५ च्या खालीच घसरत असेल तर अल्टरनेटर काही देत नाहीये. आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा पाहा. तो सैल असेल तर भार पडताच किंचाळतो. पंधराच्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, पाणी उकळून उडतंय आणि बॅटरी आतून भाजतेय. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर गाडी लगेच बंद करून बाजूला व्हा.

नव्या गाड्यांमध्ये इथे एक गोंधळ होतो. इंधन वाचवण्यासाठी त्यांचा संगणक अल्टरनेटरचं व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करतो. बॅटरी भरलेली असेल तर आकडा तेराच्याही खाली दिसू शकतो आणि तो दोष नसतो. अशा गाडीत हेडलाइट लावून, थोडा वेळ थांबून पुन्हा बघा. आकडा वर गेला तर सगळं ठीक.

आणखी एक खूण. इग्निशन चालू केल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागायलाच हवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. दिवा गेलेला असेल तर अल्टरनेटर जागाच होत नाही, आणि दिवा लागत नाही म्हणजे सगळं छान आहे असं समजून माणूस महिनोन् महिने बॅटरी बदलत राहतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'गाडी बंद पडते का' हे पाहण्याची जुनी युक्ती कृपया करू नका. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ती खपून जायची. आता वायर सुटताच व्होल्टेजचा जो झटका बसतो, त्यात इंजिनचा संगणक जळू शकतो.

गळती कशी पकडायची

बॅटरी भरलीय, टिकतेय, चार्जिंगही होतंय आणि तरी उतरते, तर आता गळती. इथे घाई करणारा हमखास चुकतो.

तयारी महत्त्वाची. बोनेट उघडं ठेवावं लागतं, पण गाडीला ते बंद वाटायला हवं. बोनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून अडकवा. फ्यूजपेटी आत असेल तर त्या बाजूच्या दाराचं लॅचही तसंच अडकवा, आणि काम झाल्यावर दार लावायच्या आधी ते नक्की सोडवा. रिमोटने गाडी लॉक करा. बटनवाली, किल्ली खिशात ठेवून चालणारी गाडी असेल तर किल्ली दूर दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर गाडी किल्लीची चाहूल घेत जागीच राहील.

मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर निगेटिव्ह खांब व सोडलेली निगेटिव्ह वायर यांच्यामध्ये लावा. म्हणजे गाडीचा सगळा करंट मीटरमधून जाईल. शक्यतो आधी मीटर जोडा आणि मग क्लिप अलगद उचला, म्हणजे जोडणी क्षणभरही तुटत नाही आणि मॉड्यूल पुन्हा जागे होत नाहीत. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, दार उघडायचं नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. मीटरचा फ्यूज उडेल. आणि उडालेल्या फ्यूजचा मीटर शून्य दाखवतो! 'गळतीच नाही' असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात, तो बऱ्याचदा या उडालेल्या फ्यूजमुळे. म्हणून आधी मीटरने एखाद्या छोट्या बल्बचा करंट मोजून मीटर जिवंत आहे याची खात्री करा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर उत्तमच, वायर सोडावीच लागत नाही.

आता थांबा. सुरुवातीला काही अँपिअर दिसतील. मॉड्यूल एकेक करून झोपतात, त्याला काही गाड्यांत वीस मिनिटं, काहींत तासभर लागतो. पहिल्या दोन मिनिटांतला आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. शेवटी २० ते ५० मिलिअँपिअरवर स्थिरावला तर ठीक. त्याच्या वर राहिला तर चोर सापडेपर्यंत पुढे.

फ्यूज एकेक काढून पाहण्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते. चालते, पण फ्यूज काढून परत लावला, की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा तासभर वाट पाहणं आलं. मला त्याहून आवडते ती फ्यूज न काढता करायची पद्धत. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून टोकण्या त्या दोन ठिपक्यांना लावा. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर थोडंसं व्होल्टेज दिसेल. १० अँपिअरच्या छोट्या ब्लेड फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलिओम असतो, म्हणजे १ मिलिव्होल्ट दिसलं तर सव्वाशेच्या वर मिलिअँपिअर जातायत. जास्त अँपिअरच्या फ्यूजमध्ये त्याच मिलिव्होल्टला करंट जास्त. या पद्धतीत बॅटरीची वायरही सोडावी लागत नाही. अख्खी फ्यूजपेटी काही मिनिटांत तपासून होते आणि गाडी झोपलेलीच राहते.

फ्यूज सापडला, की झाकणावरचा तक्ता पाहून त्यावर काय काय जोडलंय ते शोधा आणि एकेक वस्तू सुटी करा. नेहमी सापडणाऱ्या गोष्टी सांगतो. झाकण लावल्यावरही न विझणारा ग्लोव्ह बॉक्सचा किंवा डिकीचा दिवा (फोनचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा, झाकण लावा, मग बघा). दार बंद झाल्याचं न कळणारा लॅचमधला स्विच. दाबलेलाच राहणारा ब्रेकलाइटचा स्विच. आणि सर्वांत जास्त वेळा, नंतर बसवलेली उपकरणं. म्युझिक सिस्टिमला दोन वायरी असतात: पिवळी कायम चालू, लाल फक्त इग्निशनबरोबर. बसवणाऱ्याने कंटाळा करून दोन्ही कायमच्या विजेवर जोडल्या, की सिस्टिम कधीच पूर्ण झोपत नाही. डॅशकॅमचं तेच. पार्किंगमध्ये रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा तीनशे मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला सात अँपिअर-तास जातात. असा कॅमेरा हवाच असेल तर ठरावीक व्होल्टेजला तोडणारं वायरिंग किट वापरा आणि तोडण्याची मर्यादा १२.२ च्या खाली ठेवू नका. गळती नेहमी दिसतेच असं नाही. कूलिंग फॅनचा किंवा एसीचा रिले गरम असताना चिकटतो आणि थंड झाल्यावर सुटतो. संशय असेल तर त्याच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून बघा.

सगळे फ्यूज निर्दोष आणि गळती तरीही आहे? मग फ्यूजपेटीच्या वाटेने न जाणाऱ्या तारा उरतात. म्हणजे अल्टरनेटर आणि स्टार्टर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या अल्टरनेटरला सकाळी हात लावा. इंजिन थंड आणि अल्टरनेटर कोमट असेल तर त्याचा डायोड गेलाय. खात्रीसाठी बॅटरीची निगेटिव्ह सोडा, अल्टरनेटरची जाड वायर काढून तिचं टोक नीट गुंडाळा, आणि निगेटिव्ह पुन्हा मीटरमधून जोडून करंट बघा. नाहीसा झाला तर निकाल लागला. असा अल्टरनेटर चार्जिंगच्या चाचणीत बरेचदा पासही होतो, म्हणून तो उशिरा सापडतो.

बिघाड नाही, वापरच कमी

काही गाड्यांत खरंच काही सापडत नाही. लोकांना वाटतं सेल्फ मारण्यात खूप वीज जाते. हिशेब करून बघा: दोनशे अँपिअर, दोन सेकंद, म्हणजे जेमतेम ०.११ अँपिअर-तास. उलट ३० मिलिअँपिअरची निर्दोष गळती दिवसभरात ०.७२ खाते. एका सेल्फच्या सहापट. म्हणजे गाडी उभी राहणंच बॅटरीला जास्त महाग पडतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन चालू ठेवल्याने ही भरपाई होत नाही, इंजिनमध्ये ओल मात्र साचते. त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांतून एकदा रात्रभर चार्जर लावा. गाडी महिनाभर उभीच राहणार असेल तर निगेटिव्ह काढून ठेवा, पण त्याआधी रेडिओचा कोड आणि डिकी उघडायची दुसरी सोय आहे ना, ते पाहा. डिकीत बॅटरी असलेल्या गाडीत लोक इथेच अडकतात.

नवी घ्यायचीच असेल तर

जुनी ज्या प्रकारची तीच घ्या. स्टार्ट-स्टॉप गाडीला (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी) एजीएम किंवा ईएफबी या खास प्रकारची बॅटरी लागते, साधी बसवली तर ती लवकर मरते. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याचं संगणकाला कळवावंही लागतं, नाहीतर तो जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहतो.

दुरुस्ती झाली की खात्रीही करून घ्या. संध्याकाळी गाडी लावून तीन-चार तासांनी व्होल्टेज मोजा, गाडी न उघडता सकाळी पुन्हा मोजा. चांगल्या बॅटरीत आणि निर्दोष गाडीत फरक दोन-तीन शतांश व्होल्टचा येतो. १२.६५ चं सकाळी १२.४५ झालेलं दिसलं, तर अजून काहीतरी जागं आहे, फ्यूजपेटीकडे परत जा.